चार इंजेक्टर आणि एक गाऱ्हाणं

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझी बाजू घ्यावीशी वाटलीच तर त्याने जरा दमाने घ्यावं. आमच्या गावात एक मेकॅनिक आहे. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, मीही मिस्त्रीच म्हणते. या माणसाला मी भर देवळात, अख्ख्या गावासमोर चोर ठरवलं. तोंडातून ‘चोर’ हा शब्द काढला नाही, पण तो न काढता जे जे करता येतं ते सगळं केलं. त्याचं नाव मी घालवलं, आणि मग ते परत मिळवून द्यायला निघाले तेव्हा मला आमच्या गावाचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. स्वतःचा आला तो वेगळाच.

आमचं गाव दापोलीहून आंजर्ल्याकडे जाताना, समुद्राकडे उतार लागायच्या आधी, सड्यावर आहे. वर बोटभर माती आणि खाली नुसता जांभा. त्यामुळे शेती बेताची आणि चिऱ्यांच्या खाणी पुष्कळ. माझा नवरा बारा वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर होता. कंबरेने दगा दिला तेव्हा घरी आला आणि त्याने एक सेकंडहँड सहाचाकी ट्रक घेतला. खाणीवर चिरे भरायचे आणि खाली मुरुडला, आंजर्ल्याला नेऊन टाकायचे. तिथे हल्ली ज्याच्या त्याच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधणं चाललेलं असतं, त्यामुळे काम भरपूर. बोटीच्या इंजिनात आयुष्य काढलेला माणूस ट्रकच्या इंजिनाला खेळणं समजतो, आणि त्या खेळण्यापुढे त्याचं काही चालत नाही म्हणून रोज संध्याकाळी मिस्त्रीच्या शेडमध्ये जाऊन बसतो. आमच्या घरचंही तेच.

मिस्त्री साठीला आलेला. तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर त्याची पत्र्याची शेड. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं, ही त्याची तपासणी. एकदा माझ्या कानातली कुडी ट्रकमध्ये सीटखाली सापडली, तर ती कागदात बांधून भर दुपारच्या उन्हात चालत घरी आणून दिली होती त्याने. असा माणूस. हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं, पण राग आला की मला नेमकं जे आठवायला हवं तेच आठवत नाही.

झालं असं, की त्या वर्षी माघात आमच्या ट्रकने भरल्या अंगाने चढ घेणं सोडलं. काळा धूर ओकायचा आणि निम्म्यात कण्हायला लागायचा. मिस्त्रीने कान लावून सांगितलं, इंजेक्टर गेले. इंजेक्टर म्हणजे डिझेल बारीक फवाऱ्याने इंजिनात सोडणाऱ्या नळ्या; आमच्या ट्रकला चार सिलिंडर, म्हणून त्या चार. जिल्ह्याच्या गावी एक वर्कशॉप आहे, ते फक्त डिझेलचे पंप आणि इंजेक्टर तपासण्याचं काम करतं. तिथल्या माणसाने सुचवलं की जुनेच पुन्हा घालण्यापेक्षा जरा वरच्या ताकदीचे घाला, चढाला बरं पडेल. नवऱ्याच्या डोळ्यांत लगेच बोटीचं इंजिन चमकलं. मिस्त्री एस.टी.ने जाऊन चार नवे इंजेक्टर घेऊन आला आणि येता येता संध्याकाळी आमच्या ओसरीवर चार पुठ्ठ्याचे डबे ठेवून गेला.

“वैनी, हळद-कुकू करून ठेवा. सकाळी येतो न्ह्यायला,” एवढंच म्हणाला.

आमच्याकडे नवीन लोखंड देवापुढे ठेवल्याशिवाय वापरत नाहीत. कोयती असो, विहिरीवरचा पंप असो, मी तर मिक्सरच्या भांड्यालासुद्धा कुंकू लावते. मिस्त्रीला हे ठाऊक होतं आणि त्याच्याही घरी हेच चालतं. म्हणून तर त्याने डबे आधी शेडमध्ये न नेता माझ्या हातात दिले.

आता पुठ्ठ्याच्या डब्याची पूजा कोण करतं? निदान मी तरी करत नाही. डब्याला कुंकू लावून मोकळं होणाऱ्या बायका मला माहीत आहेत, त्यांचं त्यांच्यापाशी. मी चारही इंजेक्टर डब्यांतून काढले, स्वच्छ फडक्याने पुसले, पाटावर ओळीने मांडले, हळद लावली, प्रत्येकाच्या डोक्यावर कुंकू टेकवलं, जास्वंदीचं फूल ठेवलं, नारळ फोडला. डब्यांवर पेनाने एक, दोन, तीन, चार असे आकडे घातलेले होते. मला वाटलं, चार आहेत हे मोजायला घातलेत. सकाळी पाट उचलताना चारांतला एकेक घेतला आणि एकेका डब्यात घालून झाकण लावून ठेवलं. चारही अगदी एकसारखे, कोण कुठला हा प्रश्नच डोक्यात आला नाही. मिस्त्री आला, डबे घेऊन गेला आणि त्याच दिवशी इंजेक्टर बसवले.

ही हल्लीची इंजिनं नुसती पाना-स्क्रूवर चालत नाहीत, त्यांना कॉम्प्युटर असतो. म्हणून खेडहून एक लॅपटॉपवाला बोलावला होता. मिस्त्रीने त्याला वर्कशॉपमधून आणलेला एक कागद दिला. त्या कागदावरचे अक्षर-आकडे लॅपटॉपमध्ये भरून, तारा गुंडाळून तो चहा घेऊन निघूनही गेला.

आणि ट्रक सुरू झाला तो थरथरतच. न्यूट्रलला उभा असला की हीव भरल्यासारखा हलायचा. आरशात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी तीन रस्ते दिसायचे. ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत चालायचा, पाय काढला की दोन गचके द्यायचा आणि बंद. मिस्त्रीने एअर घेतली असेल म्हणून डिझेलच्या पाइपमधली हवा काढली. मग फिल्टर बदलला. मग इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवे घातले. मग टाकीतलं डिझेल काढून बाटलीत घेतलं आणि त्यात पाणी आहे का ते उन्हात धरून बघितलं. आठ दिवस तो माणूस त्या इंजिनावर ओणवा होता आणि रोज संध्याकाळी नवरा घरी येऊन सांगायचा, “अजून मिसिंग मारतेय.” म्हणजे इंजिन अजून ठोके चुकवतंय. मी विचारायची, “जुने इंजेक्टर निदान चालत तरी होते ना?” यावर तो हातपाय धुवायला मागीलदारी निघून जायचा.

नवव्या दिवशी मी स्वतः ट्रकमध्ये होते. मुरुडला एकांकडे बारसं होतं, आणि काम अडायला नको म्हणून तशाच ट्रकने चिरे टाकायला नवरा निघालाच होता, म्हणून मी बसले. तिथे माल टाकायचा होता त्या घरी कुणी नव्हतं, फोन लागेना, म्हणून भरला ट्रक घेऊन परत फिरलो. चढाच्या वळणावर समोरून एस.टी. आली. नवऱ्याने तिला वाट द्यायला वेग कमी केला आणि ट्रकने दोन गचके देऊन मान टाकली. मागे चिऱ्यांचं वजन आणि ब्रेक कसाबसा धरलेला. ट्रक हातभर मागे सरकला. एका बाजूला कडा, खाली माडांची टोकं. एस.टी.चा कंडक्टर उडी मारून उतरला आणि त्याने रस्त्याकडेचा धोंडा चाकाखाली सारला, म्हणून मी आज हे लिहिते आहे. नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. मला आधी भीती वाटली, आणि मागोमाग राग चढला. भीती मला फार वेळ टिकत नाही, तिचा लगेच राग होतो.

घरी आल्यावर मी खेडच्या लॅपटॉपवाल्याला फोन लावायला लावला. तो म्हणाला, “कागदावरचे कोड मी बरोबर भरलेत, पुन्हा तपासून सांगतो. कोड बरोबर आणि तरी गाडी अशी करत असेल तर माल त्या कोडचा नाही. बघा, कुणी बदललाय का.”

कुणी बदललाय का! डबे आले ते मिस्त्रीच्या हातून, गेले ते मिस्त्रीच्या हातात. मध्ये एक रात्र माझ्या देवघरात होते, आणि माझ्या देवघरात तर कुणी काही बदलणार नव्हतं. झालं, माझा हिशेब पूर्ण. मिस्त्रीने नवे काढून घेतले आणि कुठले तरी जुने, उजळवलेले आमच्या इंजिनात घातले. मी तशीच तिठ्यावर गेले.

“मिस्त्री, खरं सांगा. आमचे इंजेक्टर कुठे आहेत?”

तो हात पुसत उठला. “वैनी, तुमच्याच गाडीत हायत.”

“मग गाडी अशी का करते?”

“त्येच तर माला कळत नाय,” तो म्हणाला. आणि थोडं थांबून, “माज्या हातनं तसलं काम व्हनार नाय, वैनी. तुमी आसं मनात आनू नका.”

तो ओरडला असता तर मी कदाचित थांबले असते. तो हळू बोलला, आणि मला ते साळसूदपणाचं वाटलं. मी म्हटलं, “माझ्या मनाचं राहू द्या. देवीपुढे सांगा काय ते.”

आमच्याकडे देवीपुढे गाऱ्हाणं घालतात. म्हणजे नारळ ठेवायचा, आपली तक्रार गुरवाला सांगायची, आणि तो ती देवीपुढे उभा राहून मोठ्याने मांडतो. प्रत्येक वाक्याला जमलेले लोक एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पोलिसात गेलं तर गावात दोन तट पडतात. गाऱ्हाण्यात तसं काही होत नाही, सगळं गाव एकाच बाजूला उभं राहतं. शिमगा जवळ आलेला, पालखीचं ठरवायला त्या शनिवारी सगळं गाव देवळात जमलं होतं. मुंबईहूनही बरेच आलेले. मी नारळ घेऊन निघाले तेव्हा नवरा दारात आडवा आला.

“अगो, थांब जरा. आठ दिवस थांब. मी वर्कशॉपला नेऊन दाखवतो.”

“तुम्ही त्या कड्यावरून खाली गेला असतात, तर आठ दिवसांनी काय दाखवलं असतं?” मी म्हटलं आणि गेले.

गुरवाने विचारलं, नाव घ्यायचं का? मी म्हटलं, नाव नको, देवीला कळतंय. आहे की नाही हुशारी! नाव घेतलं असतं तर मिस्त्रीला उठून ‘हे खोटं आहे’ म्हणता तरी आलं असतं. गुरवाने हात जोडून सुरुवात केली. “बा माते, तुझं ह्ये लेकरू आज तुझ्या पायाशी नारळ घेऊन उभं ऱ्हायलं हाय. तिच्या गाडीच्या सामानात कुनी हात घातला आसंल, खऱ्याच्या जागी खोटं ठेवलं आसंल, त्येचा तू निवाडा कर.” आणि सगळं देऊळ म्हणालं, “व्हय म्हाराजा.” मिस्त्री मागच्या खांबापाशी बसला होता. म्हणताना माणसं पुढे देवीकडे बघत होती आणि म्हणून झाल्यावर एकेक करून मागे खांबाकडे. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिठ्यावरची शेड ओस पडायला लागली. आंबेवाल्यांच्या पिकअप दापोलीला जायला लागल्या. रिक्षावाले पंक्चरपुरते थांबायचे. पालखी निघाली तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. मिस्त्री दर शिमग्याला पालखी नाचवायला खांदा देणाऱ्यांत असायचा, अंगात ताकद आणि तालाची जाण दोन्ही. या वेळी त्याला कुणी नको म्हणालं नाही. कुणी ये पण म्हणालं नाही. ढोल वाजत होते, पालखी आमच्या अंगणात नाचत होती, आणि हा पायरीच्या कडेला दोन्ही हात मागे बांधून उभा होता. मी ओटी भरताना त्याच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बघ, देवीने केला निवाडा.

शिमगा उरकल्यावर नवरा ट्रक रिकामाच, जपत जपत जिल्ह्याच्या गावी त्या वर्कशॉपला घेऊन गेला. मीही गेले. पुरावा हातात घेऊन यायचं होतं मला, म्हणून हौसेने गेले. तिथल्या माणसाने चारही इंजेक्टर काढले, मशीनवर लावले, फवारे बघितले आणि म्हणाला, “उत्तम आहेत. आमच्याकडचेच आहेत, नवे.”

“चारही?” मी विचारलं.

“चारही.”

मग त्याने एक इंजेक्टर भिंगाखाली धरला. “ह्याच्या डोक्यावर कोड कोरलेला असतो,” तो नवऱ्याला सांगायला लागला. इंजेक्टर दिसायला एकसारखे असले तरी प्रत्येकाचा फवारा केसभर वेगळा असतो. चार बायकांनी एकाच परातीतल्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या तरी एकीची जाड होते, एकीची पातळ, तसंच ते. कुठल्या सिलिंडरवर कोणाचा हात बसलाय हे कोड भरून कॉम्प्युटरला सांगायचं, मग तो जाड हाताला कमी पीठ देतो आणि पातळ हाताला जास्त. त्यासाठीच वर्कशॉपने डब्यांवर आकडे घातले होते आणि त्याच क्रमाने कोड कागदावर लिहून दिले होते.

“ह्यात लाल काय भरलंय?” तो भिंगातून बघत म्हणाला. “बरं झालं म्हणा, अक्षर छान वाचता येतंय.” त्याने वाचलं, कागदाशी ताडून बघितलं आणि हसला. “हा पहिल्यात होता ना? हा तर तिसरा आहे.” मग दुसरा उचलला. तो चौथा निघाला. “चारही आपापली जागा सोडून बसलेत. डबे कुणी उघडले होते?”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही, यातच काय ते आलं. त्या बारीक कोरलेल्या अक्षरांत माझं कुंकू होतं. इंजिनाची धग खाऊन काळपट झालेलं, पण कुंकूच. दुसरं कोण लावणार?

त्याने इंजेक्टर क्रमाने बसवले, कोड भरले, चावी फिरवली. ट्रक असा चालायला लागला की डॅशबोर्डवरची फुलाची पाकळीदेखील हलेना. नवरा मला गाडीत बस म्हणाला. पन्नास तऱ्हांनी मला राग येतो, पण असा राग मला कधी आला नव्हता की ज्याला जायला जागाच नाही. मला कुणी सांगितलं का नाही की आकड्यांना अर्थ आहे? वर्कशॉपने मिस्त्रीला सांगितलं, मिस्त्रीने नवऱ्याला सांगितलं, आणि ज्या बाईच्या हातात डबे दिले तिला सांगायची गरज कुणालाच वाटली नाही. कुंकू लावणाऱ्या बाईला काय करायचंय कोड! हे सगळं खरं होतं. आणि यातल्या कशानेही मी देवळात जे केलं ते पुसलं जात नव्हतं.

मी परस्पर तिठ्यावर उतरले. मिस्त्री शेडमध्ये एकटाच होता. मी काही सजवून सांगितलं नाही. “मिस्त्री, मी डबे उघडले होते. मीच क्रम चुकवला. इंजेक्टर नवेच आहेत, तुमची काही चूक नव्हती.”

त्याने हातातला पाना फळीवर ठेवला. मग म्हणाला, “आकडं डब्यावर हुतं, पन इंजेक्टरवरचं वाचून घ्येयाला हवं हुतं मी. चष्मा लावला तरी दिसत नाय बारीक. डब्यावर इस्वास ठेवला. तुमाला सांगायला हवं हुतं, वैनी. चूक माजी पन हाय.”

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी उपकार मानले असते. चोर ठरवलेला माणूस उलट आपलीच चूक शोधून मला देत होता. मी म्हटलं, “मी गाऱ्हाणं मागे घेणार आहे. तुम्ही पण या.”

“मी कशाला? देवीला ठाऊक हुतं. तिला काय नव्यानं सांगायचं?” तो म्हणाला. “आनि गावाला तुमी सांगा, सांगायचं तर.”

गुरव म्हणाला, गाऱ्हाणं मागे घेता येतं, दुसरा नारळ ठेवायचा. पण गावापुढे घातलंय तर गाव लागेल. आणि गाव मिळेना! गाऱ्हाणं घालताना मुंबईचेसुद्धा हजर होते. आता कुणाचं आंब्याचं काम निघालं, कुणाच्या गुडघ्याला कळ लागली, कुणाला शनिवारच नेमका जमेना. मी घरोघर फिरले. जे ऐकलं ते इथे लिहून ठेवते, कारण ते विसरायची माझी इच्छा नाही. दुकानदार म्हणाला, “ह्या वेळी नसेल केलं त्याने.” ह्या वेळी! जसं काही मागच्या वेळेचं त्याच्याकडे लिहून ठेवलंय. एक बाई म्हणाल्या, “अगो, पण तुझे इंजेक्टर उघडल्याशिवाय तुला कळलं का? दुसऱ्यांचं कोण उघडून बघणार?” आणि सगळ्यांत जास्त ज्याची चीड आली ते हे, की बहुतेकांनी माझंच कौतुक केलं. स्वतःची चूक कबूल करायला मोठं मन लागतं म्हणाले. म्हणजे चूक मी केली, आणि मोठ्या मनाची पण मीच ठरले. त्याच्या वाट्याला काय आलं? तर त्याच्यावर संशय होता, ही आठवण. एवढी मी कधी कुणाच्या ओसरीवर ओरडले नव्हते. “तुमचं कौतुक घाला चुलीत,” मी म्हटलं, “गाडी घेऊन त्याच्याकडे जाणार का ते सांगा!” त्यावर त्यांनी मला पाणी दिलं.

शेवटी एका शनिवारी देवळात मूठभर माणसं आली. गुरवाने नारळ ठेवला, माझ्याकडून झालेली चूक देवीपुढे मांडली. मी गुरवाला म्हटलं होतं की या वेळी नाव घ्या. त्याने मिस्त्रीचं नाव घेतलं, घराणं घेतलं, सगळं रीतसर घेतलं. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके आवाज ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. मीही म्हटलं. प्रसाद वाटला आणि लोक आंब्याच्या भावाबद्दल बोलत पायऱ्या उतरून गेले.

हळूहळू गाड्या परत यायला लागल्या, नाही असं नाही. दापोली लांब पडते आणि मिस्त्रीसारखा कान दुसऱ्या कुणाला नाही. मी मनाची समजूत घालायला लागले होते की झालं, निस्तरलं.

पावसाच्या आधी आमच्या ट्रकचा पाण्याचा पंप बदलायचा होता. नवरा कंबर धरून पडलेला, म्हणून खाणीवरचा ड्रायव्हर ट्रक घेऊन गेला आणि मी सोबत गेले. पूर्वी आम्ही ट्रक शेडपाशी लावून, चावी खिळ्याला अडकवून निघून यायचो. गावातले सगळेच तसं करायचे. मी चावी खिळ्याला लावली आणि वळले, तर मिस्त्री म्हणाला, “वैनी, थांबा हितं.” त्याने मला एक स्टूल पुसून दिलं. शेडमध्ये आणखी एक पिकअप होती, तिचा मालकही तसाच एका डब्यावर बसून होता, मोबाइल हातात धरून. मिस्त्रीने नट सोडवले, जुना पंप काढला, दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर आणला.

“फोटो काढा.”

“कशाचा?”

“ह्येचा. ह्येचा नंबर दिसंल आसा. मंग नवा डब्यातनं काढताना एक, आनि बसवल्यावर एक. आता सगळ्यांनाच सांगतो मी. फोटो काढल्याबिगर हात लावत नाय.”

“मिस्त्री, मला नको फोटो,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “मला काही बघायचं नाही. तुम्ही काय बसवायचं ते बसवा, मी घरी जाते.”

“तुमाला नको आसंल, वैनी,” तो म्हणाला. “माला हवा.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते. मी फोन काढला. त्याने पंप उजेडाकडे वळवला, अंगठ्याने नंबरावरची काजळी पुसली, आणि मी “झालं” म्हणेपर्यंत हात हलवला नाही.